परवलीचा शब्द आणि कामगाराचा फोन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कंपन्यांच्या कचेऱ्यांतून अलीकडे एक परिपत्रक वारंवार फिरताना दिसते. अमुक तारखेपासून केवळ परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, देऊन कोणाही कर्मचाऱ्याला संगणकावरील आपले खाते उघडता येणार नाही; त्याखेरीज फोनवर येणारा आकडा अथवा तत्सम दुसरा पुरावा द्यावा लागेल, असा त्याचा आशय असतो. भाषा आज्ञेची असते, कारणे क्वचितच दिलेली असतात आणि शेवटच्या ओळीत आज्ञाभंगाचे परिणाम सूचित केलेले असतात. साहजिकच कुरबूर सुरू होते. कामगार चळवळीच्या वर्तुळात या कुरबुरीला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक असे की, ही मालकांची पाळत ठेवण्याची नवी युक्ती आहे, तिला विरोध करावा. दुसरे असे की, हा तंत्रज्ञांचा विषय आहे, संघटनेने बोनस आणि महागाई भत्ता यांपुरते पाहावे. पहिल्या उत्तरातील संशय रास्त आहे, पण त्याचा नेम चुकला आहे. दुसऱ्यात नेम धरण्याचा प्रयत्नच नाही.

परवलीचा शब्द ही संगणकाच्या जगात मुळात तात्पुरती सोय होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था १९६१ साली प्रथम दाखवली. प्रत्येक संशोधकाला संगणकाचे ठराविक तास मिळत, आणि एकाचे तास दुसऱ्याने खाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला गेला. म्हणजे दुर्मिळ साधनाच्या रेशनिंगसाठी हा शब्द आला. राष्ट्राची गुपिते राखण्यासाठी नव्हे. १९६२ मध्येच एका संशोधक विद्यार्थ्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी संगणकाकडूनच छापून घेतली. कारण इतकेच की, त्याला वाट्याला आलेले तास पुरत नव्हते. १९६६ मध्ये तर गंमतच झाली. रोजचा सूचनाफलक आणि शब्दांची यादी यांची चुकून अदलाबदल झाली, आणि संगणक सुरू करणाऱ्या प्रत्येकापुढे प्रत्येकाचा गुप्त शब्द झळकला. जन्मानंतर अवघ्या पाच वर्षांत या व्यवस्थेचे सारे दोष उघड झाले होते. तरीही पुढची कित्येक दशके जगाचा व्यापार तिच्यावर चालला, कारण ती फुकट होती.

चोरीच्या दृष्टीने परवलीचा शब्द ही विलक्षण वस्तू आहे. घड्याळ चोरीला गेले तर मनगट रिकामे दिसते. शब्द चोरीला गेला तरी तो मालकाजवळ जसाच्या तसा राहतो, आणि चोरी झाल्याचे कळते ते नुकसान झाल्यावर. त्यात माणसाची स्मरणशक्ती मर्यादित असल्याने तोच शब्द तो दहा ठिकाणी वापरतो. एखाद्या दुकानदाराच्या संकेतस्थळावरून तो फुटला की, कारखान्याच्या हिशेबखात्याचे दारही त्याच किल्लीने उघडते.

यावरचा उपाय तत्त्वतः सोपा आहे. माणसाची ओळख तीन प्रकारांनी पटवता येते: त्याला काय ठाऊक आहे, त्याच्याजवळ काय आहे, आणि तो शरीराने कोण आहे. यांपैकी किमान दोन भिन्न प्रकारचे पुरावे मागणे, याला तंत्रज्ञ मल्टिफॅक्टर ऑथेंटिकेशन म्हणतात. मराठीत दुहेरी पुरावा म्हटले तर अर्थ पोचतो. येथे भिन्न या शब्दावर जोर आहे. एकापुढे एक दोन शब्द विचारले तर तो दुहेरी पुरावा होत नाही, कारण जो पहिला चोरतो तो दुसराही चोरतो. आईच्या माहेरचे आडनाव विचारून सुरक्षितता वाढली असे मानणाऱ्या संस्था आहेत. ज्या समाजात मामाचे नाव लग्नपत्रिकेवर छापून गावभर वाटले जाते तेथे या प्रश्नाची किंमत काय, हे सांगायला नको. एटीएमचे कार्ड आणि चार आकडी पिन हे मात्र खऱ्या दुहेरी पुराव्याचे उदाहरण, कारण एक वस्तू आहे आणि दुसरी आठवण. कोषागारातील दुहेरी कुलूप वा बँकेच्या लॉकरच्या दोन किल्ल्या यांच्याशी याची गल्लत होते, ती टाळावी. तेथे दोन व्यक्ती एकमेकींवर लक्ष ठेवतात. येथे एकाच व्यक्तीकडून दोन साक्षी घेतल्या जातात. दोन्हींची गरज आहे, पण एक असल्याने दुसरी अनावश्यक ठरत नाही.

दुसरा पुरावा न मागितल्याने काय होते, याची दोन ठळक उदाहरणे अमेरिकेत घडली आहेत. कोलोनियल पाइपलाइन ही कंपनी टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या परिसरापर्यंत सुमारे ५,५०० मैल लांबीच्या नळांतून इंधन वाहून नेते. पूर्व किनाऱ्याच्या गरजेपैकी सुमारे ४५ टक्के इंधन या एका खाजगी कंपनीच्या नळातून जाते. ७ मे २०२१ रोजी खंडणीखोरांनी तिचे संगणक कुलूपबंद केले. कंपनीने नळ बंद केला आणि तो १२ मे रोजी पुन्हा सुरू होईपर्यंत अनेक राज्यांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर्स खंडणी दिली. तिचा मोठा भाग पुढे सरकारने हस्तगत केला. चोर आत आले होते ते दूरस्थ प्रवेशाच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या पण बंदही न केलेल्या खात्यातून. त्या खात्याला केवळ परवलीचा शब्द पुरत होता. कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, तो शब्द सोपा नव्हता, चांगला गुंतागुंतीचा होता. हे खरे मानले तरी त्यातून सिद्ध होते ते हेच की, शब्द कितीही बिकट असला तरी तो एकदा फुटला की संपला. कर्मचाऱ्याने आठ अक्षरांऐवजी सोळा अक्षरे पाठ करावीत, दर महिन्याला ती बदलावीत, असा जो धोशा वर्षानुवर्षे लावला गेला त्याने खरा प्रश्न सुटला नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ठराविक मुदतीने शब्द बदलायला लावण्याची पद्धत सोडून देण्याचा सल्ला दिला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. चेंज हेल्थकेअर ही कंपनी अमेरिकेतील इस्पितळे, औषधांची दुकाने आणि विमा कंपन्या यांच्यातील बिलांची देवाणघेवाण करते. युनायटेडहेल्थ या बलाढ्य समूहाने ती २०२२ मध्ये विकत घेतली. हा समूह किती बलाढ्य, तर २०२३ मधील त्याची उलाढाल ३७१ अब्ज डॉलर्सची होती. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी चोरलेल्या शब्दाने कोणीतरी या कंपनीच्या एका प्रवेशद्वारातून आत शिरले, नऊ दिवस आत वावरले आणि २१ तारखेला संगणक कुलूपबंद केले. त्या द्वाराला दुसरा पुरावा लागत नव्हता. समूहाच्या प्रमुखांनी १ मे रोजी सिनेटपुढे ते मान्य केले, आणि बाहेरून उघडणाऱ्या प्रत्येक द्वाराला दुसरा पुरावा असावा हे समूहाचे धोरणच होते, असेही सांगितले. २ कोटी २० लाख डॉलर्स खंडणी दिली गेली. औषधांची दुकाने अडली, लहान डॉक्टरांची बिले आठवडेच्या आठवडे थकली. सुमारे १९ कोटी लोकांची आरोग्यविषयक व अन्य खाजगी माहिती बाधित झाली असल्याचे पुढे जाहीर करण्यात आले. अमेरिकेची लोकसंख्या लक्षात घेता, ही संख्या निम्म्याहून अधिक भरते.

धोरण कागदावर होते. द्वार उघडे होते. जगातील अतिश्रीमंत समूहांपैकी एकाला त्या एका द्वाराला दुसरे कुलूप लावण्याइतका पैसा नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. मग ते का लागले नाही? याचे उत्तर संगणकशास्त्रात नाही, अर्थशास्त्रात आहे. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडणाऱ्या मालकाला प्रदूषणाचा खर्च येत नाही. तो खालच्या गावाला येतो. ग्राहकांची माहिती साठवणाऱ्या कंपनीचेही तसेच आहे. माहिती फुटली की सर्वांत मोठी हानी होते ती ज्यांची माहिती आहे त्यांची. कुलुपाचा खर्च मात्र कंपनीच्या चालू ताळेबंदात दिसतो. ज्याच्या हाती उपाय आहे त्याला हानी सोसावी लागत नाही आणि ज्याला हानी सोसावी लागते त्याच्या हाती उपाय नाही, अशा स्थितीत बाजाराच्या अदृश्य हातावर विसंबणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखे आहे.

केम्ब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी हा मुद्दा फार पूर्वी, एटीएमच्या अनुभवावरून मांडला होता. अमेरिकेत १९८० च्या सुमारास न्यायालयांनी असा पायंडा पाडला की, खात्यातून पैसे गेल्याची ग्राहकाने तक्रार केली तर ग्राहक खोटे बोलतो हे बँकेने सिद्ध करावे. ब्रिटनमध्ये उलट होते. आमची यंत्रणा चुकत नाही, असे बँक म्हणे आणि सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर पडे. परिणाम असा झाला की, ब्रिटिश बँका सुरक्षिततेवर अधिक खर्च करूनही अधिक फसवणुकीला बळी पडल्या, कारण तक्रारदारच खोटा ठरवता येत असल्याने कारभारात ढिलाई आली. एका पोलीस शिपायाने आपल्या खात्यातून न काढलेले पैसे गेल्याची तक्रार केली, तर त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला भरून १९९४ मध्ये त्याला दोषी ठरवले गेले. १९९६ मध्ये अपिलात तो सुटला. मधली दोन वर्षे त्याला कोण परत देणार?

भारताचा अनुभव या बाबतीत आश्वासक आहे, आणि त्याची दखल डाव्या वर्तुळात फारशी घेतली गेलेली नाही. कार्ड प्रत्यक्ष न दाखवता इंटरनेटवरून होणाऱ्या व्यवहारांना दुसरा पुरावा आवश्यक करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये काढला आणि १ ऑगस्ट २००९ पासून तो अमलात आला. अमेरिकेत असा सक्तीचा नियम तेव्हा नव्हता. यामुळे ग्राहक कंटाळतील, व्यापार बुडेल, अशी ओरड झाली. काही कंपन्यांनी देशातलेच व्यवहार परदेशी बँकेमार्फत वळवून नियमाला बगल दिली. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेला तेही बंद करावे लागले. व्यापार बुडाला नाही, हे आज कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. पुढे ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घातले की, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा फसवणुकीत ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर तोशीस नाही, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर. सक्ती आणि तिच्यासोबत दायित्वाची न्याय्य वाटणी, असे हे जोडसूत्र आहे.

सक्तीचा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सोय उपलब्ध करून देणे आणि ती अनिवार्य करणे यांत किती अंतर असते, हे २०२४ मध्ये स्नोफ्लेक या माहितीसाठा पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात दिसले. दुहेरी पुराव्याची सोय होती, पण ती घ्यायची की नाही हे गिऱ्हाईक कंपन्यांवर सोपवले होते. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या खात्यांत चोर जुन्या फुटलेल्या शब्दांनी शिरले आणि दीडशेहून अधिक संस्थांना धोक्याची सूचना द्यावी लागली. गिरणीतल्या पट्ट्यावर जाळी बसवायची की नाही, हे ज्या काळी मालकाच्या मर्जीवर होते त्या काळी किती बोटे तुटली, हे आठवावे. फॅक्टरी कायद्याने ती मर्जी काढून घेतली.

तेव्हा दुहेरी पुरावा सक्तीचा असावा, आणि संघटनांनी त्याला विरोध करू नये. एवढे मान्य केल्यावर खरा वाद सुरू होतो. खर्च कोणाचा आणि वस्तू कोणाची?

बहुतेक कंपन्या गृहीत धरतात की, कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन हे कंपनीचे विनामूल्य साधन आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्याने माग घरून आणावा, असे कोणी म्हटले तर ते हास्यास्पद वाटेल. फोनच्या बाबतीत तेच निमूटपणे स्वीकारले जाते. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये एका खटल्यात निर्णय दिला की, कामासाठी स्वतःचा फोन वापरावा लागत असेल तर मालकाने बिलाचा वाजवी हिस्सा द्यावा, मग कर्मचाऱ्याला त्यासाठी जादा पैसे मोजावे लागले नसले तरी. तत्त्व स्पष्ट आहे: उत्पादनाचे साधन पुरवणे हे मालकाचे काम. येथे पर्यायही महाग नाही. किल्लीच्या जुडग्यात अडकवता येणारी, संगणकाला जोडून बोट टेकवायची छोटी सुरक्षा-किल्ली बाजारात मिळते. गूगलने २०१७ मध्ये आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना ती दिली, आणि त्यानंतर फसव्या संदेशांमुळे एकाही कर्मचाऱ्याचे कामाचे खाते चोरीला गेले नाही, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले.

पाळतीच्या संशयाबाबत मात्र तारतम्य हवे. दर ३० सेकंदांनी नवा आकडा दाखवणारे जे साधे अ‍ॅप असते, त्याला आकडा तयार करण्यासाठी इंटरनेट लागत नाही, कर्मचाऱ्याचा नंबर लागत नाही, तो कोठे आहे हेही लागत नाही. फोन आणि कंपनीचा संगणक यांच्यात एक गुपित आरंभी ठरते आणि दोघेही घड्याळ पाहून तोच आकडा काढतात. यात पाळत नाही. परंतु याच निमित्ताने फोनचा कारभार कंपनीच्या हाती देणारे दुसरे सॉफ्टवेअर घुसवले जाते. त्याच्या बळावर कंपनीला फोनवरील मजकूर दुरून पुसताही येतो. ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला ठाम नकार द्यावा. तसेच बोटाच्या ठशाचे. फोनचे कुलूप उघडणारा ठसा नीट बांधलेल्या व्यवस्थेत फोनबाहेर जात नाही. हजेरीच्या यंत्राचा ठसा कंपनीच्या साठ्यात जाऊ शकतो. आणि शब्द बदलता येतो, बोट बदलता येत नाही. विरोध करायचा तर तो नेमका कशाला, हे न समजता केलेला विरोध मालकाच्या पथ्यावर पडतो.

दुहेरी पुरावा म्हणजे सर्व रोगांवरची मात्रा नव्हे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातील मोठी रक्कम २८ देशांतील एटीएममधून. तेथे व्यवहारांना मंजुरी देणारी बँकेची यंत्रणाच चोरांनी बाजूला सारून बनावट यंत्रणा बसवली होती. मंजुरी देणाराच खोटा असल्यावर कार्ड आणि पिन यांची साक्ष घेणार कोण? फोनवर येणारा ओटीपी तर पुराव्यांतील सर्वांत कच्चा, कारण दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड मिळवणारे भामटे सर्वत्र आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत चोराकडे एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा शब्द होता. त्याने त्या कर्मचाऱ्याच्या फोनवर मंजुरीच्या विनंत्यांचा भडिमार केला. अखेर कर्मचाऱ्याने होकाराचे बटण दाबले. अशा वेळी दोष त्या त्रासलेल्या माणसाच्या माथी मारला जातो. परंतु केवळ एक बटण दाबून दार उघडेल अशी व्यवस्था ज्याने निवडली, तो त्याच्याहून अधिक दोषी आहे. थकलेला माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच यंत्र बांधायचे असते.

कार्यकर्त्यांनी आपल्या घरातही डोकावून पाहावे. कामगारांच्या पतसंस्था, संघटनांची सभासद-नोंदणी, वर्गणीचे हिशेब यांची खाती कित्येकदा एकाच शब्दावर चालतात. तो शब्द तिघाचौघांना ठाऊक असतो, आणि माजी चिटणीसालाही. सभासदांची यादी मालकाच्या हाती पडली तर काय होईल याची कल्पना ज्यांना आहे त्यांनी, कंपनीने आपल्यावर केलेली सक्ती आधी स्वतःवर करून घेण्यास हरकत नसावी.

वाटाघाटीच्या मेजावर मागण्या पुढीलप्रमाणे असू शकतात. सुरक्षा-किल्ली कंपनीने द्यावी. स्वतःचा फोन वापरण्यास जो स्वखुशीने तयार असेल त्याला भत्ता मिळावा, आणि जो नसेल त्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद होऊ नये. कंत्राटी कामगारांना हाच नियम लागू असावा, कारण चोर कायम आणि कंत्राटी असा भेद करत नाही. ज्या कॉल सेंटरमध्ये फोन दाराशीच जमा करून घेतात, तेथे त्याच फोनवर ओटीपी पाठवण्याचा प्रकार थांबावा. रात्रपाळीत खाते अडले तर ते उघडून देणारा जबाबदार माणूस हजर असावा, आणि तो वेळ कामाचा धरला जावा. शेवटची मागणी हरवलेल्या किल्लीसंबंधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली वेतन संहिता, कामगाराच्या स्वाधीन केलेली वस्तू त्याच्याच हयगयीमुळे हरवली तर पगारातून कपात करण्यास वाव देते. किल्ली हरवल्याचे जो त्याच दिवशी कळवील त्याच्या पगारातून पैसाही कापला जाणार नाही, हे कलम करारात नावानिशी घालून घ्यावे; नाहीतर किल्ली हरवलेला कामगार पगाराच्या भीतीने आठ दिवस गप्प बसेल आणि ती किल्ली त्या आठ दिवसांत कोणाच्या हाती असेल, ते कंपनीलाही कळणार नाही.